बाबांसाठी बारीक होताना

३ मार्च

नाही म्हणाल्या.

म्हणजे ‘कधीच नाही’ असं नाही, ‘आत्ता नाही’. किडनीच्या डॉक्टर माझे रिपोर्ट चाळत होत्या. “रक्तगट जुळतोय, बाकीचंही जुळतंय. पण तुमचं वजन आणि उपाशीपोटीची साखर बघता मी तुमची किडनी काढणार नाही. उद्या तुम्हालाच मधुमेह झाला तर? एकच उरलेली असेल.” यकृतावर चरबीही आहे म्हणे. वय एकतीस, आणि आतून ही दशा!

बाबा शेजारी बसून स्वतःच्या चपलांकडे बघत होते. मी विचारलं, मग काय करू? “नीट खा. वजन उतरवा, साखर खाली आणा. मग पुन्हा तपासू.” किती वेळ लागेल? “ते तुमच्यावर आहे.”

दादाचं नाव रक्तदाबामुळे आधीच बाद. आई तर केव्हाच गेली. उरले मी.

येताना बाबा म्हणाले, “उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. मी आहे तसा बरा आहे.” आहे तसा म्हणजे आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला, आणि घरी आला की ओल्या फडक्यासारखा पडलेला. बरा आहे म्हणे.

५ मार्च

आहारतज्ज्ञ बाई भेटल्या. प्रत्येक गोष्ट वाट्यांत मोजतात. भात अर्धी वाटी, डाळ एक वाटी, भाजी दोन वाट्या. मनातल्या मनात नाव ठेवलं – वाटीबाई. “दिवसभरात काय काय खाता?” खरं सांगितलं. सकाळी चहा-बिस्किटं. कामावर पैसे टाकून खाऊ मिळतो त्या यंत्रातलं काहीबाही. संध्याकाळी कायद्याच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये जे तळलेलं असेल ते. रात्री भूक मेलेली असते, तरी खाते. त्या लिहायच्या थांबल्या. “मग जेवता कधी?”



८ मार्च

आमच्या स्वयंपाकघरात आता दोन राज्यं. मला पालक खा म्हणतात, बाबांना पालक विषासमान. मला टोमॅटो चालतो, त्यांना नाही. त्यांच्या भाज्या, पोटॅशियम निघून जावं म्हणून, आधी उकळून ते पाणी फेकायचं आणि मग शिजवायच्या. मीठ नावाला. पाणीसुद्धा मोजून. पहाटे उठून दोन भांडी चढवते. एकाकडे बघून त्यांना रडू यावं, दुसऱ्याकडे बघून मला.

बाबांनी माझा डबा उघडून पाहिला. “हे गवत कुणासाठी?”

“माझ्यासाठी.”

“बांधून ठेवायला खुंटा लागेल.” स्वतःच हसले. बऱ्याच दिवसांनी.

१५ मार्च

कामावरच्या टेबलाच्या खणातली बिस्किटं, चॉकलेटं, चिप्स – सगळं काढून शेजारच्या रेडिओच्या टेबलावर ठेवलं. रेडिओ म्हणजे माझ्या बाजूला बसणारा. फोन नसेल तेव्हा हा वाजतो. “काय गं, वैराग्य?” मी म्हटलं, पोट बिघडलंय. खरं सांगितलं तर पूर्ण ॲम्ब्युलन्स नियंत्रण कक्षाला जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळेल.

दुपारी डोकं दुखायला लागलं.  फोनवरचा माणूस पत्ता सांगत होता आणि मला रेडिओच्या टेबलावरच्या केकशिवाय काही दिसत नव्हतं. लाज वाटली.

२२ मार्च

दादाचा फोन. “करतेयस ना नीट? चालतेस ना रोज? साखर अजिबात नको हं.” स्वतः काहीतरी कुरकुरीत चावत होता, इथपर्यंत ऐकू येत होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फोन ठेवला आणि बाबांच्या भाज्या उकळायला टाकल्या.

२ एप्रिल

आज लिहायलाच हवं.

दुपारी एका बाईचा फोन आला. नवरा न्हाणीघरात पडलाय, श्वास नाही. गाडी निघाली होती. तोवर मी तिला छाती दाबायला सांगत होते, तिच्याबरोबर मोजत होते. ती मध्येच विचारायची, “थांबू का? दमले हो मी. थांबू का?” मी म्हणत राहिले, थांबू नका. तिच्या बांगड्या फरशीवर आपटत होत्या. मग गाडीवाल्यांचा आवाज आला. “बाई, सोडा आता. आम्ही बघतो.” आणि थोड्या वेळाने त्याच आवाजात, हळू – “थांबा आता बाई. थांबा.”

फोन तिने ठेवलाच नव्हता. मला सगळं ऐकू येत होतं.

हेडफोन काढून ठेवला आणि खाली खाऊच्या यंत्रापाशी गेले. एकामागून एक चॉकलेटं काढली आणि जिन्यात उभ्या-उभ्या खाल्ली. चव कळली नाही. कागद पर्समध्ये कोंबले, कुणाला दिसू नयेत म्हणून. संध्याकाळी कॉलेजात करार कायद्याचा तास होता. मास्तर मुक्त संमतीवर बोलत होते. मी वहीत एक ओळ लिहिली आणि तिच्यावरच झोपले.

घरी बाबा म्हणाले, “डबा तसाच परत आणलास.”  त्यांनी डबा उघडला, माझी भाजी त्यांना चालत नाही म्हणून बाजूला सारली, आणि डबा घासून ठेवला.

३ एप्रिल

वाटीबाईंना फोन करून सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. म्हणाल्या, “कालचं काल गेलं. आज दुपारी काय खाणार आहात?”

१९ एप्रिल

जमतंय. फार नाही, पण जमतंय. रविवारी सकाळी आठवड्याची कडधान्यं भिजवते, अंडी उकडून ठेवते. कामावर जाताना अलीकडच्या थांब्यावर उतरून चालते. चालताना पुराव्याच्या कायद्याची कलमं पाठ म्हणते. लोक वळून बघतात. बघू देत.

अंतर्गत चाचणीत मात्र नापास. मास्तर म्हणाले, “नोकरी करणाऱ्यांनी हा उद्योग करू नये, असं मी म्हणणार नाही. पण निदान झोपायला घरी जा.”

७ मे

जुना कुर्ता ढगळ झाला! रेडिओचं लक्ष गेलंच. “कुणीतरी भेटलेलं दिसतंय. कोण आहे?” मी म्हटलं, आहे एक. साठीचा आहे, बस चालवायचा, आता पेन्शनवर. तो बघतच राहिला. मग बाबांचं सगळं सांगितलं. चक्क दिवसभर वाजला नाही. संध्याकाळी निघताना म्हणाला, “माझा केक मी यापुढे बाहेर जाऊन खाईन.”

३० मे

बाबांना दम लागतो. जिन्यात दोनदा थांबले. “उकाडा आहे,” म्हणाले. मी मान्य केलं. दोघांनाही ते सोयीचं होतं.

१८ जून

साखर खाली आली! वजनही. डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. “आता तुम्ही दाता म्हणून चालाल.” चालाल! कधी कुठल्या परीक्षेचा निकाल ऐकून इतका आनंद झाला नव्हता.

मग एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाबांना बाहेर बसवून त्यांनी दार लावलं. “घरातून दबाव आहे का? नको असेल तर आत्ता सांगा. आम्ही बाहेर फक्त ‘तपासणीत बसलं नाही’ एवढंच सांगू. कुणालाही कळणार नाही.” दादाचे फोन आठवले. ‘करतेयस ना नीट’ आठवलं. राग होता, अजूनही आहे. पण त्या बाईंच्या डोळ्यांत बघून सांगितलं, मला द्यायची आहे. आणि ते खरं होतं. बोलून झाल्यावर कळलं, किती खरं होतं ते.

बाहेर आले तर बाबा खुर्चीत झोपले होते. तोंड उघडं. उठवावंसं वाटेना.

२६ जून

आता बाबांच्या तपासण्या. शस्त्रक्रिया बहुधा परीक्षेच्या दिवसांतच येईल. मी म्हटलं, परीक्षा पुढच्या खेपेला देईन. बाबा ताटावरून उठून गेले. आतून म्हणाले, “माझ्यापायी तुझं वर्ष बुडायला नको.” मी म्हटलं, वर्ष बुडतं आणि वर येतं. 

४ जुलै

त्यांचं हृदय.

इतकी अक्षरं लिहून थांबले होते. आता पुढचं लिहिते.

हृदयाच्या तपासणीत निघालं. फार कमकुवत झालंय. भूल झेपणार नाही, शस्त्रक्रिया झेपणार नाही. डॉक्टर बराच वेळ समजावत होत्या. पडद्यावर ते हृदय हलताना दाखवलं. दमलेलं, कसंबसं. “तुम्ही तयार आहात, पण आता ते नाहीत.”

बाबांना कपडे घालायला आत नेलं तेव्हा मी विचारलं. मार्चमध्ये झालं असतं तर? मी तेव्हाच नीट असते तर?

“तसा विचार करू नका.”

हो किंवा नाही, यांतलं त्या काहीच बोलल्या नाहीत. फोनवर मीही लोकांशी असंच बोलते. मला माहीत आहे, असं कधी बोलतात ते.

५ जुलै

कामावर गेले. फोन घेतले. पत्ते लिहिले.

९ जुलै

दादा फोनवर रडला. मला धीर द्यावा लागला. त्याला म्हणाले, तुझ्या-माझ्या हातात नव्हतं. म्हणताना जिन्यातली ती चॉकलेटं डोळ्यांसमोर. एका दुपारने काय फरक पडतो? पण एकच दुपार होती का? मार्चच्या आधीची सगळी वर्षं होती – आई गेल्यापासून पुढ्यात येईल ते गिळत होते. बाबा तेव्हा म्हणायचे, अगं, बसून तरी खा.

१२ जुलै

कुणाचातरी वाढदिवस. रेडिओने बिचकत केकचा तुकडा पुढे केला. “आता तर...” आणि अर्ध्यावर थांबला. घेतला. आता कुणासाठी नाही म्हणायचं? एक घास खाल्ला. इतका गोड की गिळवेना. कागदात गुंडाळून टोपलीत टाकला. मग डब्यातली काकडी खाल्ली. खाताना रडू फुटलं. काकडी खाताना रडणारी मी जगातली पहिलीच असेन.

२० जुलै

आज डायलिसिस अर्ध्यात बंद करावं लागलं. रक्तदाब पडला. बाबा पांढरेफटक झाले होते, मला ओळखत नव्हते. नर्सने पाय वर उचलून धरले. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न – “तू जेवलीस का?”

२३ जुलै

सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, “मला आता हे थांबवायचंय.”

मला आधी वाटलं, चहा.

“डॉक्टरांशी बोललो मी. त्या म्हणाल्या, तसं करता येतं. त्रास होऊ देणार नाहीत.”

मी खूप बोलले. काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. मी इतके महिने जिभेला कुलूप लावलं ते याच्यासाठी का, हेही बोलले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तू लावलंस. मी बघत होतो. रोज पहाटे उठायचीस, ते आवाज मला ऐकू यायचे. आता सुखाने मरेन, असं वाटायचं ते ऐकताना. मी कधी म्हटलं का, ते कुलूप तोड म्हणून?”

“नाही.”

“मग आता मला म्हणू नकोस.”

“पण मी तुमच्यासाठी केलं ते.”

“माझ्यासाठीच केलंस. आणि राहिलं तुझ्याकडे. चांगलंच झालं की.”

मी ओट्यापाशी पाठ करून उभी राहिले. मागून त्यांचा आवाज आला, “तुझी परीक्षा होऊ दे. तोवर जातो मी, यंत्राला.”

२४ जुलै

दादाला सांगितलं. “समजाव त्यांना,” म्हणाला. तू ये आणि समजाव, असं म्हटलं. येतो म्हणाला. बघू.

२ ऑगस्ट

पहिला पेपर. बाबांनी दारात उभं राहून विचारलं, पेन घेतलंस? खाल्लंस? दोन्हीला हो म्हटलं. दोन्ही खरं होतं. पेपर बरा गेला.

५ ऑगस्ट

दुसरा पेपर. त्याच दिवशी त्यांचं डायलिसिस. मी हॉलमध्ये, ते तिथे. रेडिओ रजा टाकून त्यांच्यापाशी बसला होता. बाबा म्हणाले, “फार बोलतो. पण गप्प राहायलाही येतं त्याला.”

८ ऑगस्ट

अजून एक पेपर उरलाय. आजवर कुठलीही परीक्षा संपायची वाट पाहिली. ही संपू नये असं वाटतंय. बाबांच्या पायांना सूज आहे. जिना चढताना मी मागून हात धरला तर म्हणाले, “धर. पण ढकलू नकोस.”

११ ऑगस्ट

काल शेवटचा पेपर झाला.

आज हॉस्पिटलात डायलिसिस थांबवायच्या कागदावर बाबांनी सही केली. सावकाश, पूर्ण नावानिशी. नर्स म्हणाली, खाली साक्षीदाराची लागेल, घरातलं कुणी चालेल. दादा अजून वाटेतच होता.

मी केली.

मग घरी आलो. भूक लागली होती. दोघांनाही.