गळ्याला सुट्टी

४ नोव्हेंबर, मंगळवार

गळ्याच्या डॉक्टरकडे गेलो. नाकातून नळी घालून आत पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी. विचारलं, "काय करता?" म्हटलं, कळमन्याच्या मार्केट यार्डात संत्र्याची हर्रास बोलतो, मिसरूड फुटायच्या आधीपासून. डॉक्टर हसले. "मग गाठी नाही येणार तर काय मोती येतील?"

हुकूम: मी सांगेपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. खाकरायचंही नाही.

सुनंदाने तिथेच डोळे मिटून हात जोडले. बायको शेवटी बायकोच, मला भरून आलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "प्रभूचे आभार मानले. लग्नापासून मागून राहिली होती मी हे."

५ नोव्हे., बुध.

ज्याच्या गाळ्यावर मी हर्रास बोलतो त्या सेठचा फोन. सुनंदाने घेतला. ऐन आंबिया बहाराच्या हंगामात मी मुका झालो म्हणून तो माझ्यापेक्षा जास्त हळहळला. माझ्या जागी त्याचा भाचा उभा केला आहे. हातात माईक. संत्र्याची हर्रास माईकवर! लग्नात आहेर वाचतात तशी.

संध्याकाळी प्रार्थनासभा. पाळकसाहेब सवयीने म्हणाले, "समारोपाची प्रार्थना आपले भाऊ करतील." मी गळ्याकडे बोट दाखवलं. सभा वेळेत सुटली. लोक फार प्रसन्न दिसले, दोघातिघांनी माझा हात दाबला. सहानुभूती असावी.

७ नोव्हे., शुक्र.

पहाटे मनातल्या मनात प्रार्थना करून पाहिली. आजवर मोठ्याने करत आलो. खालच्या मजल्यावरच्यांनी आमेन म्हणावं, इतक्या मोठ्याने.

"हे दयाळू पित्या" इथवर ठीक. पुढे गाडी घसरली. गळा बरा कर, नाताळच्या आत कर, चला पंधरा डिसेंबर, पंधराचे दहा, दहाचे पाच, एक बार, दोन बार… माझी मलाच लाज वाटली. देवाशी भाव करून राहिलो होतो.

मग गप्प बसलो. काही सुचेना. झोप लागली. सुनंदाला वाटलं ध्यान लागलं. चहा झाकून ठेवला बिचारीने.

९ नोव्हे., रवि.

उपासनेत दादा पुढच्या बाकावर. सख्खा मोठा भाऊ, राहतो हुडकेश्वरला, आमच्या बेसापासून फार लांब नाही. पण वर्ष होत आलं, बोलणं नाही.

त्याच्या पोराच्या लग्नात जेवणाआधीची प्रार्थना मला सांगितली होती. मी मनापासून सुरुवात केली. अब्राहामापासून निघून जेमतेम मोशेपर्यंत आलो, तेवढ्यात दादा, खुद्द वरबाप, मध्येच ओरडला, "आमेन!" अख्खा मंडप आमेन म्हणून जेवणावर तुटून पडला. मी डोळे उघडले तर पंगतीत दुसरी वाढ चालू.

त्यानंतर त्याच्या दारात पाऊल नाही. आज त्याने मान हलवली. मी खिडकीकडे पाहिलं. मुकेपणाचा हा एक फायदा, अबोला धरायला वेगळे कष्ट नाहीत.

१३ नोव्हे., गुरु.

वरच्या मजल्यावरच्या ढोबळे काकूंना सुनंदाने एवढंच सांगितलं, "हे सध्या बोलत नाहीत." काकूंनी बिल्डिंगभर केलं, भाऊंनी मौन घेतलं.

दुपारी स्वतःच आल्या. समोर केळी ठेवली. सुनेबद्दल बोलल्या, मग मुलाबद्दल, मग सुनेबद्दल उलट बोलल्या, मग थोडं रडल्या. मी ऐकलं. दुसरं करणार काय. उठताना म्हणाल्या, "खूप हलकं वाटलं. तुम्ही फार छान समजावता, भाऊ."

१५ नोव्हे., शनि.

तळमजल्याचा भोयर आला. "भाऊ, नवीन कार बुक केली. घेऊ का?" नाकावर माशी बसली होती. मी मान झटकली. तो उठून गेला आणि बुकिंग रद्द करून आला. त्याची बायको आता सुनंदाशी बोलत नाही.

सुनंदा: "अहो, तुम्ही बोलून एवढं नुकसान कधी केलं नाही."

१९ नोव्हे., बुध.

आज पहाटे देवाकडे काहीच मागितलं नाही. विसरलो.

गॅलरीत शाल घेऊन बसलो होतो. समोरच्या प्लॉटवर धुकं, कुत्री झोपलेली. बऱ्याच वेळाने ध्यानात आलं की आपण बसलो आहोत, सोबत कोणी तरी आहे, आणि दोघांनाही बोलायची घाई नाही. लिहिताना खोटं वाटतं. पण होतं तसं. गळा बरा होईल की नाही हा प्रश्न होताच, फक्त छातीवर बसला नव्हता, बाजूला बसला होता.

मग दूधवाला आला. दुधात पाणी. तळपायाची आग मस्तकात! ओरडता येईना. राग घरभर फिरला, बाहेर पडायला तोंड सापडलं नाही, आणि शेवटी विझला.

ही शांती म्हणायची की नुसता गळ्याचा इलाज? पाळकसाहेबांना विचारलं पाहिजे. पण विचारणार कसं.

२२ नोव्हे., शनि.

सुनंदा बाजारात गेली होती. बेल वाजली. दार उघडलं तर दादा. हातात पपई.

तो आत आला, बसला. मी उभाच. बोलणारं घरात कोणीच नाही. शेवटी त्यानेच सुरू केलं.

"तुझा गळा बसला असं ऐकलं."

मी मान हलवली.

"म्हणूनच आलो. आता तरी ऐकशील. त्या दिवशीचं सांगतो गा. सकाळपासून पोटात काही नव्हतं. शुगरची गोळी घेतली होती, आता जेवण होईल म्हणून. तेवढ्यात तू सुरू झाला. मले घाम सुटला. हात थरथरून राहिले, डोयापुढे अंधारी. म्हटलं, आता व्याह्यासमोर मंडपात आडवा होतो. जीव वाचवाले आमेन म्हटलं मी."

मी खाली बसलो.

"मंग तू तेव्हाच काहून नाही सांगितलं, असं विचारशील. आलो होतो न दुसऱ्या दिवशी. तू दारातच सुरू झाला. मी उभा. चहा नाही, पाणी नाही. तुझं संपेना, मी निघून गेलो."

आठवतं मला. त्या दिवशी फार छान बोललो होतो मी. सुनंदालाही दोनदा म्हणून दाखवलं होतं.

कागद घेतला, लिहिलं: माफ कर. दादाचा चष्मा घरी राहिला होता. कागद लांब धरून म्हणतो, "माप कर? कशाचं माप करू?" मोठ्या अक्षरात लिहिलं. "हे तर अजूनच दिसत नाही. कळमन्याचं काही आहे का?"

कागद फेकला आणि त्याचा हात धरला. आपला बाबा जसा धरायचा तसा, दोन्ही हातांत. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

"रडू नोको गा," दादा म्हणाला, "गळ्याले ताण पडन." आणि स्वतःच रडायला लागला.

घड्याळात पाहिलं, त्याची जेवायची वेळ झालेली. धावत जाऊन ताट वाढलं. प्रार्थना त्यानेच केली. एका ओळीची. वरण वाफाळतच होतं.

२६ नोव्हे., बुध.

डॉक्टर. गाठी बऱ्याच विरल्या. थोडं बोलायचं, हळू, थांबून थांबून. पण ओरडणं कायमचं बंद. म्हणाले, "हर्रास विसरा."

स्कूटरवर परत येताना सुनंदा मागून म्हणते, "बोला न आता काही. घर खायले उठते." इतके दिवस जपून ठेवलेला पहिला शब्द कोणता काढावा, कळेना. शेवटी म्हटलं, "काय बोलू वं?" बारीक, खरखरीत, ओला पतंग फाटल्यासारखा आवाज.

तिने पुढे वाकून कान लावला. मग: "बरा आहे. कोणाचा आहे?"

दोघंही हसलो. घरी येऊन मात्र मी मोरीत तोंड धूत जास्त वेळ उभा राहिलो. ढिगापाशी उभं राहून पहिला भाव फोडला की अख्खं यार्ड माझ्याकडे वळायचं. बाकी मला येतंच काय? त्या पहाटेची शांती कुठे गेली, शोधली. सापडली नाही.

२८ नोव्हे., शुक्र.

सेठ घरी आला. भाच्याला जमत नाही, शेतकरी रोज भांडतात. म्हणाला, "माईकवर हळू हळू बोल, नाही तर यार्डाच्या फाटकापाशी बस. गाडी आली की माणसाचं गाऱ्हाणं ऐकून घे. तू ऐकतो असं बेसाभर ऐकलं." ऐकतो! मी! सुनंदा चहा घेऊन येता येता परत आत गेली, हसू आवरायला.

सोमवारी सांगायचं आहे.

माईकचं डॉक्टरला विचारलं नाही. "चालेल" म्हणाले तर? आधी ते "नाही" म्हणतील याची भीती होती, आता "हो" म्हणतील याची.

३० नोव्हे., रवि.

पहाटे बसलो. विचारलं, माईक की फाटक? उत्तर नाही. पूर्वी उत्तर आलं नाही की मी आवाज चढवायचो. आज नुसता बसून राहिलो. काळजी होती, पण बसवत होतं. बुधवारी शोधली ती शांती हीच का? बहुतेक. नक्की नाही.

दादाचा फोन आला, उपासनेनंतर त्याच्याकडे जेवायला बोलावलं आहे. वहिनीने बारा वाजता पानं घेणार असं दोनदा बजावलं.

खाली सुनंदा स्कूटर काढून हॉर्न वाजवून राहिली. उशीर झाला आहे, आणि माझा एक मोजा सापडत नाही. गॅलरीतून ओरडून सांगता येत नाही.

खाली जाऊन सांगतो.