मामा गेल्याचं आईला कसं सांगितलं

बाबा, तळ्याचे मामा गेले. परवा पहाटे, अंथरुणातच, कुणाला त्रास न देता. तुमच्या मेव्हण्याची बातमी तुम्हांला द्यायला हवी म्हणून लिहायला बसले असं म्हणाले असते, पण ते काही खरं कारण नव्हे. मामांचं आईला मी सांगितलं, अगदी तुम्ही सांगायचात तसं, आणि त्यात माझी जी शोभा झाली ती तुमच्याखेरीज कुणाला कळायची नाही. बाकीच्यांना सांगितलं तर ते आधी हसतील आणि मग तेही टाकतील त्या ग्रुपवर.

ग्रुप म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा गावात फोन एकच होता, किराणा दुकानातला, आणि तोही पावसाळाभर मुका. आता घरटी माणसं तेवढे फोन आहेत आणि तो फोन कानाला लावायचा नसतो, डोळ्यांना लावायचा असतो. आईकडेही आहे. तुमच्या थोरल्याच्या मुलानं, पनवेलच्या नातवानं, गेल्या दिवाळीला आणून दिला आणि आपल्या सगळ्या घराण्याचा जो ग्रुप केलाय त्यात तिला बसवलं. शाळेत जाणाऱ्या पोरांपासून दात नसलेल्या काकांपर्यंत सगळे तिथं असतात. सकाळी डोळे उघडले की गुलाबाची फुलं. त्यामागून देव. त्यामागून कारल्याच्या रसानं काय काय बरं होतं त्याचं पुराण. मग एक सून आपली नवी साडी दाखवते, एक नातू आपले दंड दाखवतो आणि सगळे मिळून त्याला अंगठे दाखवतात. अंगठा दाखवणं याला आता कौतुक म्हणतात, बाबा. खालच्या आळीतले आपले चुलतभाऊ, वाडीच्या कुंपणावरून जे तुम्ही जाईपर्यंत तुमच्याशी बोलले नाहीत, ते आईच्या वाढदिवसाला तिथं केक धाडतात. केकचं चित्र हो, केक नव्हे. आईचा खरा वाढदिवस आईलाही माहीत नाही, कागदावर आहे ती तारीख धरायची. आणि दुसऱ्या दिवशी हेच भाऊ विहिरीवर समोर आले की तोंड फिरवतात.

मला पहिल्यापासून याची चीड आहे, आणि ती मी लपवत नाही. माझं लग्न काही झालं नाही, घरात मी आणि आई, आणि तुमच्यामागं पोटापाण्याला मी हरिहरेश्वरला येणाऱ्या पाहुण्यांना जेवू घालते. पहाटे उठून नारळ खवायचा, उकड काढायची, पाकळ्या पाडून मोदक वळायचे, वाफ निघतेय तोवर पानात वाढायचे, आणि पाहुणे हात लावत नाहीत. आधी फोटो. मग मोदक फोडून फोटो. मग तूप ओतताना पुन्हा फोटो, आणि त्यासाठी मला म्हणतात, मावशी, जरा हळू ओता. तूप थिजतं, मोदक दगड होतो, आणि मग घरी जाऊन लिहितात की चव ठीक होती. आपल्या घरातही तेच. गणपतीत मी पीठ मळत होते, पदर खोचलेला, केसांत पिठी, आणि तुमच्या धाकट्या सुनेनं मागून व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. खाली सगळ्यांचे हसणारे चेहरे, अगदी लहान पोरांचेसुद्धा. मी त्याच दिवशी तिथून बाहेर पडले. आई म्हणाली, एवढ्या तेवढ्याला रुसू नये. आई मात्र राहिली. तिला लिहिता येत नाही, पण त्यात बोट दाबून बोललं की बोलणं जसंच्या तसं जातं, आणि उरणची मावशी तिकडून बोलते ते येतं. दोघी दुपारभर आमसुलांचं बोलत बसतात, आणि बाकीचं घराणं ते ऐकतं.

तुमच्या वेळी गावात कुणी गेलं की बाहेरगावच्या नातेवाइकांना सांगायला तुम्हांलाच धाडायचे. तुम्ही ना पाटील ना भटजी, पण तुम्हांला सांगता येतं असं सगळे म्हणायचे. सांगता येतं म्हणजे काय ते मला एकदाच बघायला मिळालं. डोंगराकडच्या वस्तीत एक बाई एकटीच राहायची आणि तिचा भाऊ आपल्या गावात वारला होता. बाईमाणूस सोबत हवं म्हणून तुम्ही मला घेतलंत. शाळा संपून मी घरी बसले होते तेव्हा. आपण पोचलो तर ती चुलीपुढे होती. तुम्ही ओटीवर टेकलात आणि गाईचं विचारलंत. मग कौलांचं विचारलंत. तिनं पाणी आणलं तर म्हणालात, असू दे, आत्ताच प्यालो. बातमी घेऊन गेलेल्या माणसानं त्या घरचं पाणी घेऊ नये हे मला ठाऊक होतं आणि तुम्हांला तहान लागलीय हेही दिसत होतं. मग म्हणालात, तू जेवून घे गं, आम्ही बसतो, घाई नाही. ती संकोचली, पण जेवली. तुम्ही मला शेजारणीला बोलवायला पाठवलंत. ती येऊन बसली, बाईनं हात धुतले, पदराला पुसले, आणि मगच तुम्ही सांगितलंत.

येताना वाटेत मी तुम्हांला म्हटलं होतं, दारातच सांगायचं ना, उगाच एवढा वेळ कशाला. तुम्ही असे थांबलात की मला वाटलं आता मारता. म्हणालात, "बातमी कुठं पळून जाते का? सकाळपासून तिच्या पोटात काही न्हवतं. आता चार दिवस तिला घास जायचा न्हाय. तेवढं तरी मिळू दे तिला." पुढं म्हणालात, "आपलं ओझं उतरवायला सांगायचं नसतं." घरी आलो, तुम्ही अंगणातच आंघोळ केलीत, आणि मग तांब्याभर पाणी एका दमात प्यालात. मला अजून तुमचा गळा वरखाली होताना दिसतो.

परवा मी श्रीवर्धनच्या बाजारात होते. मामेभावाचा फोन आला. रडत होता, पण रीत सोडली नाही त्यानं. म्हणाला, "आत्याला तूच सांग. मी समद्यांना बजावलंय, ग्रुपवर कुनी घालायचं न्हाय." मासळी घेत होते, ती तशीच टाकून रिक्षा केली. सगळ्या वाटेनं तुम्हांलाच आठवत होते. आधी काय विचारायचं, शेजारच्या काकीला कधी बोलवायचं, रडू आलं तर कुठं बघायचं. फाटक उघडून आत आले तर आई मागच्या पडवीत सुपारी सोलत बसलेली. फोन शेजारी पाटावर पालथा. डोळे जरा लाल वाटले, पण धुराचे असतील. मी हसून म्हटलं, आज लवकर जेवून घे, चार पाहुणे यायचे आहेत, नंतर वेळ मिळायचा नाही. ती म्हणाली, "येवढ्या लवकर?" आणि उठली.

मी मऊ भात केला, तूप, मेतकूट, वर लिंबाची फोड. तिनं खाल्लं. बाबा, सगळं खाल्लं. मी वाढलं तर आणखी घेतलं, ताकही घेतलं. मध्ये मी गाईचं विचारावं तर आपल्याकडे गाय नाही, म्हणून नारळ पाडणाऱ्याचं विचारलं. ती म्हणाली, सोमवारी येतो म्हनलाय. काकी येऊन बसली. आईनं हात धुतले. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, आई, तळ्याचे मामा गेले. "कवा?" म्हणाली. पहाटे, म्हटलं. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि थोडंसं रडली, आवाज न करता. मला वाटलं, जमलं. खोटं कशाला बोलू, तळ्याला जायची गाडी ठरवताना माझी मान ताठ होती. जगानं काय वाटेल ते करावं, आमच्या घरात अजून माणूस माणसाला सांगतो असं मी वाटेत म्हसळ्यापर्यंत मनात म्हणत होते.

तळ्याला पोचलो तर ओटीवर तिरडी बांधताहेत आणि एक पोरगा फोन उंच धरून उभा. दुबईतल्या दुसऱ्या मामेभावाला दिसावं म्हणून. तिकडून तो भाऊ म्हणतोय, जरा डावीकडं घे, तोंड दिसत न्हाय. मामांचं तोंड हो. मी त्या पोराला खडसावणार होते, तेवढ्यात उरणची मावशी मला बिलगली आणि म्हणाली, "तुज्या आयशीनं सकाळी ग्रुपवर जे रडून धाडलं ना, माजं काळीज फाटलं गो." मी म्हटलं, कधी धाडलं? मावशीनं तोंडावर हात ठेवला. एवढ्या गर्दीत ती एकच बाई ओशाळली. बाकी सगळ्यांना माहीत होतं, त्या फोन धरलेल्या पोरालासुद्धा.

झालं होतं ते असं. पनवेलच्या नातवानं मामेभावाचं बजावणं वाचायच्या आधीच मामांचा फोटो टाकला, भोवती झेंडूची माळ, खाली पेटती समई, भावपूर्ण श्रद्धांजली. समई हलते म्हणे त्यात. आई तेव्हा सुपारी सोलत होती. फुलं बघायला म्हणून तिनं फोन उघडला आणि फुलांच्या जागी तिचा भाऊ. पोटात सकाळचा चहा तेवढा. शेजारी कुणी नाही. मी बाजारात बोंबलांचा भाव विचारत होते. त्या नातवाला मी फोनवर काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यावर तो म्हणतो, आत्या, सॉरी, पण लोकांना लवकर कळलं ना. लवकर कळायला ती काय एसटी होती, चुकली असती?

काल दुपारी आई आडवी पडली होती तेव्हा मी तिचा फोन उचलला आणि तिनं काय धाडलं ते ऐकलं. तिच्या परवानगीशिवाय ऐकलं. बाबा, असं रडणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हाही नाही. "दादा रं, माज्या दादा, शिमग्याला न्यायाला येनार व्हतास न्हवं मला. आता कुनाच्या दारात जाऊन म्हनू, ह्ये माजं म्हायेर." आणि मग नुसता आवाज, शब्दच नाहीत. मग एकदम थांबली. नाक ओढलेलं ऐकू येतं. आणि हळू आवाजात म्हणाली, "फाटक वाजलं. पोर आली. कुनी तिला बोलू नका मला कळलंय म्हनून. तिच्या बासारकं सांगंल ती मला. सांगू दे तिला."

तिथं संपतं. खाली सगळ्यांचे जोडलेले हात.

मला कुणावर चिडावं ते कळेना. तो भात तिनं कसा गिळला असेल? भाऊ गेलाय, आणि पोरगी नारळ पाडणाऱ्याचं विचारतेय, आणि ही सोमवार म्हणून सांगतेय. तिला त्या वेळी जमिनीवर लोळून रडायचं असेल. माझ्या रीतीपायी तिनं ते दाबून धरलं. आणि मला आता तुमचाही संशय येतो, बाबा. वस्तीवरच्या त्या बाईनं तुम्हांला वाटेवर बघितलं तेव्हाच ओळखलं नसेल का? भर उन्हात तुम्ही दुसऱ्या कशाला जाणार होतात, तेही पोरीला घेऊन, आणि पाणी नको म्हणत? ती जेवली ती तुमच्यासाठी जेवली का? हे तुम्हांला माहीत होतं का कधी?

त्या फोनचा मला राग आहेच, आणि तो जायचा नाही. माणसाचा भाऊ हलत्या समईखाली लावून देतात आणि त्याला आपलेपणा म्हणतात. पण रागाचं खरं कारण तेवढंच नाही. खरं असं की आई माझ्यापुढे पदराआड रडली आणि त्यांच्यापुढे मोकळी रडली. फुलं आणि केक धाडणाऱ्यांपुढे. इतकी वर्षं घरात दोघीच आहोत, आणि ते रडणं माझ्या वाट्याला आलं नाही. आलं ते चोरून.

मी ऐकलंय हे आईला सांगितलेलं नाही. हा कागदही कुठं जायचा नाही, तुमचा पत्ता कुणाकडे आहे? आज जेवताना आई म्हणाली, "तू सांगितलंस ना परवा, अगदी तुज्या बासारकं सांगितलंस, बाय." तिनं माझ्याकडे बघितलं नाही, भाताकडे बघत म्हणाली. मी "हं" म्हटलं. आणि खरं सांगते बाबा, सगळं माहीत असूनही ते ऐकून मला बरं वाटलं.