नखाएवढी उरलेली गाठ

प्रिय चिमणे,

परवा तुझा फोन आला तेव्हा आई झोपली आहे म्हणालो, ते खोटं होतं. ती माझ्या शेजारीच बसली होती आणि तिचा उजवा अंगठा उडत होता. आधी अंगठा, मग मनगट, मग ओठाचा कोपरा. दोन मिनिटं. तिला सगळं कळत असतं, फक्त बोलता येत नाही. मी एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात तिचं मनगट धरून तुझ्या लेकीला दात आले का विचारत होतो.

हो, झटके परत सुरू झालेत. मेंदूच्या ऑपरेशननंतर आठ महिने एकही नव्हता. नवव्या महिन्यात, कोटाची बाही कापताना तिच्या हातून कात्री निसटली. “काही नाही हो, हाताला घाम आला,” म्हणाली. मीही मान डोलावली. एकमेकांना फसवण्यात आम्ही दोघं चांगलेच तरबेज आहोत, तीस वर्षांचा सराव आहे. चौथ्या झटक्याला मात्र तिचं कपाळ शिलाईच्या टेबलावर आपटलं आणि सोंग संपलं.

आता गोळ्या वाढवल्यात, त्याने ती दिवसभर पेंगते. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या. गिऱ्हाईक हसलं, हीसुद्धा हसली. मग आत गेली आणि नळ सोडून कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. मी दाराबाहेर. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, अडकलेल्या माणसांना बाहेरून ओरडून धीर दिला. पण तेव्हा हातात पाना तरी असायचा.

आता ऑपरेशनच्या दिवसाचं. गाठ पूर्ण निघाली, असं मी तुला कळवलं. तुला तेव्हा सातवा महिना होता, म्हटलं पोरीच्या जिवाला घोर नको. हे कारण खरं आहे, पण तेवढंच नाही. तुला ठाऊक आहे, आईला जागं ठेवून ऑपरेशन चाललं होतं, मधूनमधून बोटं हलवायला सांगत होते. आत जाताना ती मला म्हणाली होती, “पुढचं तुम्ही बघा.” तिसऱ्या तासाला डॉक्टरबाई बाहेर आल्या, मास्क हनुवटीवर ओढलेला. म्हणाल्या, “काका, बरीचशी काढली. नखाएवढी उरलीय, हात हलवणाऱ्या भागाला चिकटून. सगळी निघाली तर दहातल्या सात-आठ जणांचे झटके थांबतात. ठेवली तर साधारण निम्म्यांचे. पण काढताना उजवा हात कायमचा जाऊ शकतो. त्या आता फार थकल्यात, त्यांना विचारण्यात अर्थ नाही. काय करू?”

माझ्या डोळ्यांपुढे कापडावर खडू ओढणारा तिचा हात आला. मी म्हणालो, “राहू द्या.” एवढंच. त्या आत गेल्या. आईला मी सांगितलं, जेवढी काढता आली तेवढी त्यांनी काढली.

परवा डॉक्टरबाईंना विचारलं, माझं चुकलं का? म्हणाल्या, “चूक नाही काका. निम्म्यांचे थांबतात. तुम्ही दुसऱ्या निम्म्यात पडलात.” गाठ पुन्हा वाढतेय. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला दुसरं ऑपरेशन ठरलंय. या वेळी हाताची खात्री नाही, आणि हात देऊनही झटके थांबतीलच असं नाही.

काल जेवताना आईने सहज विचारलं, “तेव्हाच सगळी काढता आली नसती का हो?” मी पाण्याचा पेला उचलला आणि पीत राहिलो.

म्हणून हे पत्र, चिमणे. दहा तारखेच्या आत ये, तान्हीला घेऊन ये. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे या वेळी तिलाच ठरवू द्यायचं आहे. त्याआधी तिला खरं सांगायला हवं. आज तीनदा तिच्यासमोर बसलो आणि तीनदा चहा करायला उठलो. तू सांगू नकोस, सांगणार मीच. तू फक्त मला उठू देऊ नकोस.

तुझी वाट पाहणारा,
तुझाच बाबा