पेटीचं दार कुणी उघडलं?

बाबा,

मिनेसोटाहून तुमच्या डेलाचा नमस्कार. आम्ही मजेत आहोत, काळजी नको.

विजेच्या पेटीत धुरावर मांस शिजतं, हे तुम्हाला पटत नाही. पण उणे वीसमध्ये तुमची टेक्ससची भट्टी इथं तापेल तरी का? काल डुकराचा खांदा ठेवला, तर पेटीच्या तापमानाचा काटा सारखा खाली. दार उघडलं की ऊब गेलीच. तुमचा जावई आर्विड म्हणाला, "थंडीच तशी आहे गं, मी हातही लावला नाही." मग बर्फात पेटीपर्यंत चार फेऱ्यांचे ठसे कुणाचे? आमची मांजर बूट घालत नाही.

आता तुमचं. रविवारी भट्टीवर मांस केलं म्हणून लिहिलंत. आधी लाकडाचं नाव, मग मांसाचं, ही तुमची रीत. या वेळी लाकूड कुठलं, ते लिहिलंच नाहीत.

खरं सांगा, आई गेल्यावर भट्टी एकदा तरी पेटवलीत का?

तुमची संशयी पोर,
डेला