ओतून दिलेली आमटी

आई,

तू तिला पाहिलं नाहीस. तू गेल्यावर साखर कारखान्याचा भटारखाना माझ्याकडे आला. पुढे एका वर्षी ऊसच नव्हता, गाळप बंद राहिलं आणि कारखान्याने गुरांची छावणी उघडली. गुरांबरोबर राहणाऱ्या माणसांचं जेवण आपल्याच चुलींवर शिजायचं. तेव्हा नांदूरघाटची एक पोरगी भाकऱ्या थापायला आली. आईबाप ऊस होता त्या लांबच्या मुलखात तोडीला गेलेले, ती चुलत्याकडे राहायची. फोडणीचा वास बदलला की ती माझ्याआधी मान वर करायची. मी तिला तुझंच शिकवलं : पहिलं ताट देवापुढे जाईपर्यंत जीभ लावायची नाही. "वाफ हुंग. मीठ नाकाला कळतंय. चाखलं की उष्टं झालं." तुला कळायचं. मलाही कळतं, असं मी धरून चालले होते.

महिनोन्महिने टँकरला बोअरचं खारट पाणी यायचं, म्हणून मी मीठ निम्मं टाकायची. एक दिवस लांबच्या धरणाचं गोडं पाणी आलं, आणि हात सवयीने निम्म्यावरच थांबला. डेगीत भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी उकळते आहे. मी वळून बघते तर ती तळहातावर थेंब घेऊन चाटते आहे, आणि दुसऱ्या हातातली मिठाची मूठ डेगीत सोडते आहे.

"काय केलंस?"

"मावशी, लई अळणी हाय. पाणी गोडं हाय आज."

"उष्टं केलंस."

"हातावर घेतलंय. डेगीला न्हाई तोंड लावलं."

मी दोन गड्यांना हाक मारली आणि अख्खी डेग मागच्या खड्ड्यात ओतायला लावली. दुष्काळात, आई. पंगतीत एकजण म्हणाला, "काय बे, आज नुसत्या चटणीवर?" दुसरा म्हणाला, "तुझी म्हैस तरी कुठं कालवण मागती!" सगळे हसले. ती खाली बघून वाढत राहिली. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली. छावणी उठल्यावरही ती माझ्या हाताखाली राहिली, पण त्यानंतर दोन वर्षं माझ्यासमोर तिने काही चाखलं नाही. मग मीच तिला स्वयंपाकाच्या कोर्सला पाठवलं. कौतुकाने पाठवलं की नजरेआड व्हावी म्हणून, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

आता ती पुण्यातल्या मोठ्या हॉटेलात मुख्य आचारी आहे. गेल्या महिन्यात तिने मला बोलावलं. तिच्या ओट्यावर चमच्यांनी भरलेला डबा असतो. प्रत्येक पदार्थाला नवा चमचा, एक थेंब, आणि मगच ताट बाहेर. तिच्या हाताखालच्या पोरांसमोर तिने मला उभं केलं. म्हणाली, "ह्या माझ्या गुरू." नंतर बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, महिनाभर राहा. ह्यांना वाफेवरून मीठ ओळखायला शिकवा. मला ते अजून जमत न्हाई."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. टोमणा नव्हता. इतकी वर्षं ती स्वतःतच काही कमी आहे असं मानत आली आहे. की मीच भोळी, आणि ती मला त्या डेगीपाशी परत नेऊन उभी करते आहे? काही कळत नाही. सोमवारपर्यंत सांगते म्हणाले. गेले तर काय शिकवू? नाही गेले तर तिला काय वाटेल?

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी गडी डेग धरायला फडकी आणायला गेले होते. तेवढ्यात मी पळीतला थेंब जिभेवर घेतला. मीठ बरोबर होतं. गडी आले, आणि मी म्हटलं, ओता.