अठ्ठावीस दिवसांचा महिना

रविवार, ३१ मे
निर्णय झाला. नवा फोन आणि नवी कंपनी, दोन्ही एकदम. मुदत आठ दिवस.

आज मुलीचा व्हिडिओ कॉल आला होता. ती लांब, विमानाच्या अंतरावर राहते. माझा फोन सहा वर्षांचा आणि घरात रेंज नावापुरती, त्यामुळे पहिल्या मिनिटात मी तिच्या स्क्रीनवर गोठतो आणि ती माझ्या स्क्रीनवर चौकोन चौकोन होते. पुढे नुसते आवाज. नात अकरा महिन्यांची झाली. सोफ्याला धरून उभी राहते, आता कधीही पाऊल टाकेल म्हणे. ते पहिलं पाऊल मी लाइव्ह बघणार, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं आहे.

बायको म्हणाली, कोपऱ्यावरच्या दुकानातून कुठलाही एक घेऊन या. कुठलाही! तीस वर्षं दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करतोय मी. माझ्या हातून गेलेला काटा ग्रॅमभर इकडे तिकडे होत नाही. आणि मी म्हणे कुठलाही घ्यावा. तिचं बरं आहे, तिच्याकडे बटणांचा फोन आहे आणि ती त्यावर खूश आहे.

बुधवार, ३ जून
नवी वही आणली. चार फोन, अकरा रकाने. किंमत, बॅटरी, कॅमेरा वगैरे. अकरावा रकाना ‘इतर’. तो महत्त्वाचा आहे पण त्यात काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.

शनिवार, ६ जून, सकाळी ११
दुकानात गेलो. खिशातला छोटा काटा सोबत नेला होता. खोक्यावर लिहिलंय वजन १८९ ग्रॅम. मी टाकला काट्यावर, भरला १९४. दुकानवाल्याला शांतपणे विचारलं की हे जादा पाच ग्रॅम कसले. तो म्हणाला, स्क्रीनवर काच चिकटवलीये त्याचे असतील. असतील! मी म्हटलं काच काढा, पुन्हा तोलू. त्याने माझा काटा उचलून माझ्या हातात दिला आणि मला दारापर्यंत सोडायला आला.

माणूस निरुत्तर झाला की असंच करतो. नैतिक विजय माझा.

सोमवार, ८ जून
आठ दिवसांची मुदत संपली. पण ती मुदत माझीच होती, त्यामुळे वाढवायचा अधिकारही माझाच. आणखी आठ दिवस.

गुरुवार, ११ जून
आज कंपन्यांचे प्लॅन वाचले आणि डोकं सणकलं. महिन्याचा प्लॅन अठ्ठावीस दिवसांचा! चारही कंपन्यांचा! म्हणजे वर्षाचे तेरा महिने. माझ्या धंद्यात याला सरळ काटा मारणं म्हणतात आणि असा दुकानदार सापडला तर मी त्याचं काम घेत नाही.

सध्याच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची बाई होती. मी म्हटलं, ताई, तुमचा पगार अठ्ठावीस दिवसांनी होतो का? त्या म्हणाल्या, सर, आणखी काही मदत करू शकते का? तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा तेच. मी सोडणार नाही.

रविवार, १४ जून
मुलीचा कॉल. नातीने सोफा सोडला आणि क्षणभर एकटी उभी राहिली. मला टाळ्या ऐकू आल्या. दिसलं ते सोफ्याचं अर्धं हँडल. मुलीला सांगितलं, तिला घाई करू नका, माझं फोनचं शेवटच्या टप्प्यात आलंय. ती म्हणाली, सांगते बाबा तिला.

बायको बराच वेळ काही बोलली नाही. पटलेलं दिसतंय.

सोमवार, १५ जून
बायको भाजी आणायला गेली ती दीड तासाने आली. पिशवीत एकच कोबी. विचारलं तर म्हणाली, गर्दी होती. खरेदीची शिस्त म्हणून काही नाही या घरात.

बुधवार, १७ जून
वहीने निकाल लागेना म्हणून आज वर्कशॉपमध्ये स्वतःची पद्धत वापरली. जुना पितळी तराजू घेतला. एका पारड्यात पहिल्या फोनचे गुण, दुसऱ्यात दुसऱ्याचे. चांगल्या बॅटरीला शंभर ग्रॅमचं वजन, कॅमेऱ्याला पन्नास, स्वस्ताईला दोनशे, असं. चार फोन, सहा सामने, दुपार गेली. शेवटी दोन उरले आणि पारडी तंतोतंत समान. काटा मधोमध, जरासुद्धा हलेना. इतकं सुंदर जमलेलं पारडं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. दहा मिनिटं बघत बसलो.

निकाल लागला नाही, पण तराजू उत्तम स्थितीत आहे.

शनिवार, २० जून
मेव्हणा आला होता. याला मी मनातल्या मनात सर्वज्ञ म्हणतो. नवा फोन टेबलावर असा ठेवला की चहाचा कप ठेवायला जागा उरू नये. म्हणाला, भावोजी, आता घेऊ नका, दोन आठवड्यांत किमती पडतात. मी म्हटलं, मला कोणाच्या सल्ल्याची गरज नाही.

तो गेल्यावर स्वतंत्रपणे विचार केला. दोन आठवडे थांबायचं ठरवलं. याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मंगळवार, २३ जून
अठ्ठावीस दिवस संपले, फोन बंद पडला. रिचार्ज करणार नाही म्हणजे नाही. काटा मारणाऱ्याला आणखी एक दमडी देणार नाही, सरळ कंपनी बदलणार, नंबर हाच ठेवून. त्यासाठी एक एसएमएस पाठवायचा असतो, मग कोड येतो. एसएमएस पाठवला. गेला नाही. आधी रिचार्ज करा म्हणे. म्हणजे यांना सोडून जायचं तरी यांनाच पैसे देऊन! हा तर दार अडवून बसण्याचा प्रकार झाला.

अडवा म्हणावं. बघू कोण आधी थकतं.

गुरुवार, २५ जून
अजून मी थकलेलो नाही.

रविवार, २८ जून, दुपारी ४
फोन बंद असल्याने आज कॉल नाही. एका रविवाराने काय बिघडतं. बायको म्हणाली, शेजारणीचं पातेलं परत करून येते. तासाभराने आली. डोळे ओले आणि चेहरा हसरा. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, काही नाही हो, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून आत गेली. चाळीस वर्षांच्या संसारात हे प्रथमच. माझ्या लढ्याचा तिला अभिमान वाटत असणार, बोलून दाखवत नाही इतकंच.

गुरुवार, २ जुलै
कंपनीला चार पानी पत्र पाठवलं होतं. आज उत्तर आलं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मोलाचा! म्हणजे हादरलेत. पत्र घडी करून वहीत ठेवलं.

सोमवार, ६ जुलै
उरलेल्या दोन फोनपैकी एकाची किंमत पडली. दोन हजारांनी. मी तडक दुकानात. दुकानवाला म्हणाला, ते मॉडेल बंद झालं, म्हणून तर पडली. एकच पीस शिल्लक होता, तोही शनिवारी एक गृहस्थ घेऊन गेले, न तोलता. हे ‘न तोलता’ त्याने मुद्दाम म्हटलं. मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या मॉडेलसाठी नवी वही लागेल.

गुरुवार, ९ जुलै, सकाळी १०
बायको आंघोळीला गेली असताना स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे काहीतरी वाजायला लागलं. काढून बघतो तर फोन. नवाकोरा. स्क्रीनवर मुलीचं नाव.

सगळं बाहेर आलं. पंधरा जूनला घेतला. म्हणजे कोबीच्या दिवशी. त्याच दुकानातून, दहा मिनिटांत. कंपनी कुठली विचारलं तर म्हणाली, त्यांनी घातली ती. प्लॅन कुठला विचारलं तर म्हणाली, त्यांनी घातला तो. मला का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाली, तुमचं एवढं चाललं होतं, मधेच कसं मोडायचं. मुलीला माहीत. जावयाला माहीत. सर्वज्ञाला तर पहिल्या दिवसापासून माहीत.

आणि नातीने पाऊल टाकलं ते अठ्ठावीस जूनला. पातेल्याच्या रविवारी. बायको शेजारणीच्या ओट्यावर बसून बघत होती आणि मी इथे, पलीकडच्या भिंतीला टेकून, नव्या कंपन्यांची तुलना करत होतो.

मला वाईट वाटलं. लिहूनच टाकतो, ही वही कोण वाचणार आहे.

दुपारी २
फोन तोलला, मॉडेल तेच. १९४ ग्रॅम. माझंच खरं होतं.

शुक्रवार, १० जुलै
बायकोशी अबोला. रविवारी तिच्या फोनवरून बोलणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

शनिवार, ११ जुलै
अबोला तिच्या लक्षात आलेला नाही असं वाटतं. रविवारी फक्त बघेन. बघण्याला तत्त्वाची हरकत नाही.

रविवार, १२ जुलै, संध्याकाळी ६
दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. बायकोने फोन समोर धरला. चित्र इतकं स्वच्छ की मुलीच्या मागच्या पडद्याची शिवण उसवलेली दिसली. नात लांब उभी होती. मुलीने तिला सांगितलं, बघ कोण आलंय. तिने मला बघितलं, ओळखलं, हात पसरले आणि एक, दोन, तीन, चार, पाच पावलं, डुलत डुलत, थेट माझ्याकडे. मी इतके दिवस ज्याच्यासाठी थांबलो होतो ते अगदी समोर चाललं होतं. मला राहवलं नाही. दोन्ही हात हलवले आणि ये ये म्हणालो.

ती जागच्या जागी थबकली. ओठ बाहेर आले आणि तिने असा टाहो फोडला की जावई आतून धावत आला. ती मागे वळली, धपकन बसली आणि रांगत जाऊन आईच्या कुशीत शिरली. मी म्हटलं, काय झालं, काही लागलं का? माझा आवाज ऐकून आणखी जोरात.

मुलगी म्हणाली, बाबा, तिने तुम्हाला कधी हलताना बघितलेलंच नाही हो. तिला आजोबा म्हणजे एका जागी असतात ते. तोंड थोडं उघडं. दर रविवारी ती त्यांना पापी देते.

बायको फोन खाली घ्यायला लागली. मी खुणेनेच नको म्हटलं. मग हात मांडीवर ठेवले, तोंड थोडं उघडलं आणि बसून राहिलो. पापणी लवेल म्हणून डोळे ताणून धरले. मिनिटभराने नातीने आईच्या खांद्यावरून हळूच बघितलं. मी हललो नाही. ती उतरली, चालत आली, स्क्रीनवरून माझ्या गालावर हात फिरवला आणि हसली.

सतरा मिनिटं. मान अवघडली आहे, बायको शेक देते आहे.