खळ्यावरचा मांडव

प्रिय शोभा,

तू असताना तुला कधी पत्र लिहिलं नाही. एसटीवरची ड्युटी संपली की संध्याकाळी घरीच तर यायचो, पत्र कशाला लिहू? आता लिहितोय, कारण आपल्या आशूच्या लग्नाला अठरा दिवस उरलेत आणि मांडव घालायला जागा नाही. ज्याला त्याला हे सांगून माझं तोंड दुखायला लागलंय. तुझ्याशिवाय आता सांगायला कोणी उरलं नाही.

तुझं वर्ष भरायच्या आत लग्न उरकायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं. दुसऱ्यांच्या घरी जाऊन हे तूच सांगायचीस ना? आता ते आपल्याच दारात येऊन बसलंय. भोकरचे पाहुणे चांगले आहेत, पण तीन वर्षं थांबणार नाहीत, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून शेवटचा मुहूर्त धरलाय, गोरजाचा, दिवस मावळतानाचा. हा गेला तर सोयरीक गेली.

मंगल कार्यालयं भरलीत. जी रिकामी आहेत ती आपल्या आवाक्यात नाहीत. म्हणून सुट्टीच्या दिवशी उघड्यावरची जागा हुडकत फिरतो. नांदेडच्या बाहेर एक लॉन बघितलं. हिरवळ प्लास्टिकची. मॅनेजरनं विचारलं, ताटं किती? मी म्हणालो, आधी जागेचं बोला. तर म्हणतो, "जागेचं काय न्हाई काका, पण मंडप आमचा, आचारी आमचा, फुलं आमची, घोडा बी आमचाच." मी म्हणालो, नवरी तरी आमची चालेल का? तो हसला नाही. तू असतीस तर बाहेर येऊन पोट धरून हसली असतीस. मी एकटाच रस्त्यावर उभा राहिलो.

भोकरकडं एका देवळापुढं बरी जागा होती, पण पाणी नाही, टँकरही मिळेना. चाकूरजवळच्या शाळेचं मैदान मी पंचवीस वर्षं गाडीच्या खिडकीतून बघत आलोय. दर वेळी वाटायचं, काय गार सावली आहे. परवा उतरून बघितलं तर सावली सगळी रस्त्याच्या अंगाला. मैदानात पाच मिनिटं उभं राहवेना. पंचवीस वर्षं आपण जे बघतो ते असं असतं होय?

घरी आलो आणि चपला न काढता खाली बसलो. आशूनं पाणी दिलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही भोकरला गेलात, चाकूरला गेलात. आईच्या माहेरी जळकोटलाच तेवढं न्हाई गेलात."

मी म्हणालो, जळकोटला काय आहे?

"खळं हाय. मामा हाय. मामा नसंल तर मला मांडवात आणणार कोण? मी न्हाई येणार बाहेर."

तुझ्यावर गेलीय. एकदा बोलली की बोलली.

शोभा, खळ्याचं मी विसरलो नव्हतो. तूच म्हणायचीस, आशूचं लगीन माझ्या माहेरच्या खळ्यावर लावू, सगळ्यांना चपला काढून यावं लागंल, कलेक्टर आला तरी. मीच तिकडं जायचं टाळत होतो. कोणत्या तोंडानं जाऊ?

तू गेलीस त्या दिवशी आशूचा मामा, बालाजी, तुझ्यासाठी पातळ घेऊन निघाला होता. बाईला शेवटचं नेसायचं ते माहेरचं, भावानं आणलेलं. लोह्यावरून त्यानं फोन केला, "दाजी, थांबा, आलोच." चार जाणती माणसं कानाला लागली, दिवस मावळायच्या आत उरका. आणि मी कपाटातलं पातळ काढून दिलं. अर्ध्या तासानं तो आला तेव्हा तुझी चिता पेटलेली होती. पिशवी छातीशी धरून तो तसाच मागं फिरला. तेव्हापासून आमच्यात शब्द नाही.

जन्मभर कंडक्टर, बेलची दोरी माझ्या हातात. धावत येणाऱ्या अनोळखी माणसासाठी मी गाडी थांबवली, ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या. आणि तुझ्या पाठच्या भावासाठी अर्धा तास थांबलो नाही. तू माझ्यावर रागावली असशील का गं? रागावायलाच पाहिजेस.

काल गेलो जळकोटला. बालाजी खळ्याच्या कडेला लिंबाखाली बसला होता. मी घाबराघुबरा सरळ त्याच्याकडं चाललो. तो माझ्या पायांकडं बघून म्हणाला, "दाजी, खळ्यावर पायताण?"

बूट हातात घेतले. भर दुपार. तळवे भाजत होते, पण सावलीत या, असं तो म्हणाला नाही आणि मीही गेलो नाही. आशूच्या लग्नाचं सांगितलं, जागा मागितली.

"त्या दिवशी मी लोह्याच्या फुडं आलतो," तो म्हणाला.

"हाव."

"फोनवर थांबा म्हणलो व्हतो."

"हाव."

"मग?"

चुकलो म्हणालो. इतक्या महिन्यांनी तो शब्द केवढासा वाटला, काय सांगू.

तो उठला. "खळं तिचं बी हाय. घाला मांडव. मी येईन का न्हाई, ते इचारू नका." निघताना तुझ्या भावजयीनं वाटेत गाठून हळूच सांगितलं, ते पातळ अजून पिशवीतच आहे, कोणाला हात लावू देत नाहीत.

तर जागा मिळाली, शोभा. आशूला एवढंच सांगितलं. मामाचं विचारलं तर मान हलवली, हो का नाही ते तिला कळू दिलं नाही.

तुला एक शब्द देतो. गोरज मुहूर्त टळत आला, भटजींनी घड्याळ दाखवलं, पाहुणे कुरकुरले, तीच चार जाणती माणसं पुन्हा कानाला लागली, तरी या वेळी कोणाचं ऐकणार नाही. दिवस मावळू दे. सोयरीक मोडते म्हणाले तरी खळ्याच्या तोंडाशी अनवाणी उभा राहीन. बालाजी येताना दिसल्याशिवाय बेल देणार नाही.

तुझा,
आशूचा बाबा